अन्वयाचा अखत्यार

कागदावर लिहून ठेवलेली स्वररचना आणि जाग आल्यावर दुसऱ्याला सांगितलेले स्वप्न ह्या दोन वस्तू वरकरणी परस्परांपासून कितीही दूर भासल्या, तरी दोहोंत एक साम्य आहे: एकही स्वतःच्या बळावर पुरी होत नाही. पहिलीला वादकाची बोटे लागतात, दुसरीला ऐकणाऱ्याचे कान लागतात. आणि हा जो मधला मनुष्य, त्याने आपल्या पदरचे किती घालावे, मूळचे किती जसेच्या तसे राखावे, आणि त्याने लावलेला अर्थ खरा की खोटा ह्याचा निवाडा करण्याचा अखत्यार अखेर कोणाकडे असावा, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी सारखाच निकडीचा ठरतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या पहिल्या तृतीयांशापर्यंत व्हिएन्ना ह्या एकाच शहरात ह्या प्रश्नाचा दोन्ही अंगांनी जो कसून विचार झाला, त्याचा आढावा येथे घ्यावयाचा आहे. खानदेशातील वाचक ह्या मामल्यात केवळ परका प्रेक्षक नाही. सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या ज्या लोहमार्गावर मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाणारे आमचे दोंडाईचा वसले आहे, त्याच मार्गावरील अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात मनुष्याच्या न जाणण्याविषयी गंभीर चिंतन झाले, आणि ह्याच खानदेशात, फैजपूर येथे जन्मलेल्या बा. सी. मर्ढेकरांच्या लेखनात कलेच्या घाटाचा विचार आणि मनाच्या तळाचा शोध ही दोन्ही सूत्रे एकत्र आली.

प्रथम पियानोचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. पट्टी दाबली की हातोडी तारेवर आघात करते, स्वर उमटतो, आणि उमटल्या क्षणापासूनच तो विझू लागतो. आपल्या गवयाला जी मींड, जे आंदोलन, स्वराला स्वराच्या पोटातून काढण्याची जी सोय उपलब्ध आहे, ती पियानोवादकाच्या हाती मुळीच नाही, कारण त्याच्या वाद्याचे सप्तक बारा समान अंतरांत कायमचे बांधलेले असते. पेटीवर आपल्याकडे जे आक्षेप घेण्यात आले, आणि ज्यांच्या आधारे १९४० पासून कित्येक वर्षे रेडिओवर तिला मज्जाव होता, त्यांतील बरेचसे पियानोलाही तंतोतंत लागू पडतात. साहजिकच वादकाच्या अन्वयाचे सारे क्षेत्र काळ आणि वजन ह्या दोन गोष्टींत एकवटते: एक स्वर दुसऱ्यापासून किती अंतराने यावा, एकाच वेळी वाजणाऱ्या चार स्वरांपैकी कोणता वर उठून दिसावा, पेडल किती वेळ दाबून ठेवावे, आणि विझत चाललेल्या स्वराच्या जागी पुढचा स्वर कसा ठेवावा, म्हणजे ऐकणाऱ्याला मध्ये खंड भासणार नाही. ह्यांपैकी फार थोडे कागदावर उतरते. स्वरलिपी हा दस्तऐवज खरा. परंतु त्या दस्तऐवजात जमिनीच्या चतुःसीमा तेवढ्या नोंदविलेल्या असतात, पीक कसे काढावे हे त्यात लिहिलेले नसते.

रचनाकार हयात असतानाच हा तंटा उभा राहतो, ह्याचे प्रसिद्ध उदाहरण बेटहोव्हेन आणि त्याचा शिष्य कार्ल चेर्नी ह्यांचे आहे. १८१६ साली चेर्नीने गुरूच्या एका पंचवाद्य रचनेतील पियानोचा भाग मैफलीत वाजविताना, तारुण्यसुलभ उत्साहाने, काही जागा आपल्या पदरच्या भरल्या. बेटहोव्हेनने सर्वांसमक्ष त्याची कानउघाडणी केली, आणि दुसऱ्या दिवशी पत्र पाठवून, आपले शब्द कठोर झाल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करतानाच, रचनाकाराला आपली कृती लिहिली तशीच ऐकावीशी वाटते ही गोष्ट मात्र सोडली नाही. ह्यावरून प्रश्न मिटला असे कोणी समजेल, परंतु तो मिटत नाही. त्याच बेटहोव्हेनने आपल्या बत्तीस सोनाटांपैकी केवळ एकाच सोनाटाला, ‘हामरक्लाव्हिअर’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या १०६ क्रमांकाच्या कृतीला, मेट्रोनोमचे आकडे दिले; आणि पहिल्या भागासाठी त्याने दिलेला १३८ हा आकडा इतका शीघ्र आहे की, बहुतेक वादकांनी तो अव्यवहार्य ठरवून बाजूला ठेवला. रचनाकाराचा लेखी हुकूम समोर असताना तो पाळावा, की हुकूम देणाऱ्याचा हेतू पाहून त्यात सवलत घ्यावी? जे वादक स्वराच्या अक्षराला चिकटून राहण्याची शपथ वाहतात, तेच ह्या एका आकड्यापाशी येऊन हेतूची भाषा बोलू लागतात.

ह्याहूनही बोधप्रद उदाहरण १८०१ सालच्या त्या सोनाटाचे आहे, ज्याला जग ‘मूनलाइट’ ह्या नावाने ओळखते. हे नाव बेटहोव्हेनचे नव्हे. त्याच्या निधनानंतर रेलश्टाब नावाच्या समीक्षकाने तळ्यावर पसरलेल्या चांदण्याची उपमा दिली आणि ती कृतीला कायमची चिकटली. बेटहोव्हेनने जे खरोखर लिहिले ते असे की, पहिला भाग सबंध, तारांवरील दाबण्या उचललेल्या ठेवूनच, म्हणजे पेडल न सोडता, वाजवावा. त्याच्या काळच्या वाद्यात स्वर लवकर विरत असल्यामुळे ह्या सूचनेतून एक धूसर, परस्परांत मिसळणारा नाद निर्माण होत असे. आजच्या वाद्यावर ती अक्षरशः पाळली, तर सगळेच कालवून जाते. म्हणजे मूळ आज्ञा शब्दशः पाळली तर तिचा परिणाम हरवतो, आणि परिणाम राखावयाचा तर आज्ञा थोडी मोडावी लागते. दुसऱ्या बाजूस, बाहेरून आलेल्या चांदण्याच्या कल्पनेने शेकडो वादकांना तो भाग अतिशय संथ आणि हळवा करण्यास प्रवृत्त केले, आणि त्या कल्पनेला मूळ लेखात कोणताही आधार नाही. अन्वय आणि आरोप ह्यांतील भेद ह्या एकाच कृतीत स्पष्ट दिसून येतो.

परंपरा हा ह्या अडचणीवरचा एक उपाय मानला जातो, आणि आपल्या घराण्यांशी परिचित असलेल्या वाचकाला तो लगेच ओळखीचा वाटेल. चेर्नीचा शिष्य लेशेटिट्स्की, लेशेटिट्स्कीचा शिष्य आर्टुर श्नाबेल, ह्या क्रमाने गुरुमुखाने आलेली विद्या १९३२ ते १९३५ ह्या वर्षांत लंडन येथे श्नाबेलने बत्तीसही सोनाटांच्या ध्वनिमुद्रिका केल्या तेव्हा प्रथमच संपूर्ण स्वरूपात सर्वसामान्य श्रोत्याच्या हाती आली. परंतु परंपरा म्हणजे केवळ अनुकरण नव्हे, हेही त्याच मुद्रिकांवरून कळते. ‘हामरक्लाव्हिअर’चा तो अशक्यप्राय वेग गाठण्याचा प्रयत्न श्नाबेलने केला, स्वर निसटू दिले, आणि त्या निसटण्यातूनच आधीच्या पिढ्यांच्या भारदस्त वादनात न सापडलेली त्या कृतीची अस्वस्थता प्रकट झाली. दुसरा उपाय शुद्ध पाठाचा. हान्स फॉन ब्यूलोसारख्या एकोणिसाव्या शतकातील संपादकांनी आपापल्या सूचना मूळ रचनेत अशा मिसळून दिल्या होत्या की, विद्यार्थ्याला बेटहोव्हेन कोणता आणि ब्यूलो कोणता हे कळू नये. ह्याविरुद्ध मोहीम उघडून हस्तलिखितांकडे परत जाण्याचा आग्रह धरणाऱ्यांत व्हिएन्नाचा हाइनरिख शेंकर हा अग्रणी होता. १९१३ पासून त्याने बेटहोव्हेनच्या उत्तरकालीन सोनाटांच्या सटीक आवृत्त्या प्रसिद्ध केल्या, आणि रचनाकाराच्या हस्ताक्षरातील रेषेचा कल, दांड्यांची दिशा, स्वरांचे पुंजके कसे बांधले आहेत, ह्या सर्वांतून त्याचा अभिप्राय वाचता येतो असे प्रतिपादन केले.

ह्याच शेंकरने पुढे जो सिद्धांत मांडला, त्यामुळे आपल्या विषयाचे दुसरे अंग समोर येते. कृतीच्या पृष्ठभागावर दिसणारी स्वरांची गर्दी ही एका खोलवर असलेल्या, अतिशय साध्या आकृतीचा विस्तार असते. मधल्या थरांतून ती आकृती क्रमाक्रमाने फुलत वर येते. आणि वादकाला तो तळ कळल्याखेरीज वरची अलंकृती योग्य रीतीने वाजविता येत नाही, असे त्याचे म्हणणे होते. त्याच शहरात, त्याच वर्षांत, फ्रॉइड नावाचा एक वैद्य असे सांगत होता की, जागेपणी आठवणारे स्वप्न हा केवळ पृष्ठभाग आहे. त्याच्या तळाशी वेगळाच विचार असतो, आणि संक्षेप, स्थानांतर इत्यादी व्यापारांनी रूप पालटून तो वर येतो. ह्या दोघांपैकी कोणी कोणाचा शिष्य नव्हता. परंतु दिसते त्याच्याखाली काहीतरी सुसूत्र आहे, आणि शिस्तीने वाचले तर ते वाचता येते, हा विश्वास त्या काळच्या व्हिएन्नाच्या हवेतच होता असे म्हणावे लागते.

फ्रॉइडच्या ह्या पद्धतीच्या, म्हणजे मनोविश्लेषणाच्या, आरंभाची कथा बहुधा योझेफ ब्रॉयर ह्या वैद्याच्या एका रुग्णापासून सांगतात. १८८० ते १८८२ ह्या काळात त्याने उपचार केलेली, ‘अ‍ॅना ओ.’ ह्या टोपणनावाने ग्रंथात आलेली बेर्टा पापेनहाइम हिला अर्धांगासारखी, दृष्टिदोषाची आणि बोली विस्मरणाची विलक्षण लक्षणे होती. आणि त्या लक्षणांचा उगम ज्या प्रसंगात झाला तो प्रसंग तिने सांगितला की लक्षण ओसरते, असे ब्रॉयरला आढळले. ही हकीकत १८९५ साली फ्रॉइड आणि ब्रॉयर ह्यांच्या संयुक्त ग्रंथात प्रसिद्ध झाली. पुढील संशोधनाने हे सिद्ध केले आहे की, ग्रंथात सूचित केल्याप्रमाणे ती त्या उपचारांनी पूर्ण बरी झाली नव्हती. १८८२ मध्ये तिला स्वित्झर्लंडमधील रुग्णालयात ठेवावे लागले, आणि पुढे तिने ज्यू स्त्रियांच्या हितासाठी जे थोर समाजकार्य केले, ते तिच्या स्वतःच्या कर्तृत्वाचे फळ होय. ह्या एका कैफियतीतच मनोविश्लेषणाचे सामर्थ्य आणि त्याचा धोका दोन्ही आहेत: ऐकण्याने खरोखर काही उलगडते, आणि ऐकणारा जे लिहितो ते मात्र जसे घडले तसेच असते असे नाही.

ह्या दुसऱ्या गोष्टीचे गांभीर्य खानदेशी वाचकाला विशेष समजावे. बहिणाबाई चौधरी ह्यांची गाणी त्यांच्या मुखातून निघाली, परंतु ती कागदावर आली दुसऱ्यांच्या हातून, आणि १९५२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली ती त्यांच्या निधनानंतर. गाणे त्यांचे, पान मात्र ऐकून टिपणाऱ्याचे. आणि टिपणाऱ्याच्या निष्ठेवर सर्व भिस्त. फ्रॉइडचे रुग्णवृत्तान्त वाचतानाही हे भान ठेवणे भाग आहे, कारण त्यातील बोलणे रुग्णाचे असले तरी लेखणी वैद्याची आहे, आणि ती दिवसाचे काम आटोपल्यावर स्मरणाने चालविलेली आहे.

फ्रॉइडचा स्वप्नविषयक ग्रंथ १८९९ च्या नोव्हेंबरात बाहेर पडला, मुखपृष्ठावर १९०० हे साल घालून. त्याच्या ६०० प्रती खपावयास आठ वर्षे लागली. त्या ग्रंथातील पद्धतीचा मर्मभाग असा की, स्वप्नातील प्रत्येक प्रतिमेला एक ठराविक अर्थ देणारा कोश फ्रॉइड नाकारतो. असे कोश प्राचीन ग्रीकांत होते आणि आपल्याकडेही होते. जगद्देवाचा ‘स्वप्नचिंतामणी’ हा त्याच वर्गातील ग्रंथ. चरकाने मात्र स्वप्नांचे जे सात प्रकार सांगितले, त्यात पाहिलेल्या, ऐकलेल्या आणि अनुभवलेल्या गोष्टींबरोबरच ‘प्रार्थित’, म्हणजे इच्छेतून उद्भवलेले स्वप्न वेगळे काढले आहे, आणि फ्रॉइडच्या विचाराशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे. फ्रॉइडचे म्हणणे असे की, स्वप्न पाहणाऱ्याने स्वतः प्रत्येक तुकड्याविषयी मनात येईल ते, काहीही न गाळता, बोलावे; अर्थ त्या बोलण्यातून उगवेल, पंडिताच्या पोथीतून नव्हे. १८९५ च्या जुलैमध्ये पडलेल्या, इर्मा नावाच्या रुग्णाविषयीच्या आपल्याच स्वप्नाचा त्याने जो सविस्तर उलगडा केला, तो ह्या पद्धतीचा पहिला नमुना होय. तथापि १९०२ पासून बुधवारी संध्याकाळी त्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीतील विल्हेल्म श्टेकेलच्या प्रभावाने ग्रंथाच्या पुढील आवृत्त्यांत प्रतीकांचे प्रकरण फुगत गेले, आणि दाराने घालविलेला कोश खिडकीने परत आला. ब्यूलोने मूळ रचनेत आपल्या सूचना मिसळल्या त्याच जातीचा हा दोष आहे. कोश हाती आला की ऐकण्याची गरज संपते, आणि ऐकण्याची गरज संपली की अर्थ लावणारा मनुष्य नुसता निकाल देऊ लागतो.

‘डोरा’ हे ह्या दोषाचे सर्वांत मोठे उदाहरण. १९०० च्या अखेरीस अठरा वर्षांची ही मुलगी वडिलांच्या आग्रहाने फ्रॉइडकडे आली. वडिलांच्या स्नेह्याने आपल्याशी अनुचित वर्तन केले ही तिची फिर्याद होती, आणि ती फ्रॉइडने खरी मानली. परंतु तिच्या संतापाखाली तिचीच दडपलेली अभिलाषा आहे असा अर्थ त्याने पुनःपुन्हा, तिच्या नकाराला न जुमानता, तिच्यापुढे ठेवला. अवघ्या अकरा आठवड्यांत, वर्षाच्या अखेरच्या दिवशी, ती उपचार सोडून निघून गेली. फ्रॉइडची थोरवी अशी की, १९०५ मध्ये त्याने हा अपयशाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला आणि आपल्याविषयी तिच्या मनात उत्पन्न झालेल्या भावसंक्रमणाकडे आपले वेळीच लक्ष गेले नाही असे लिहिले. तिचा नकार हा केवळ प्रतिरोध नसून साक्षही असू शकतो, हे मात्र त्याने तेव्हा पुरेसे ओळखले नाही.

संगीत आणि मनोविश्लेषण ह्यांची प्रत्यक्ष गाठ व्हिएन्नात अनेकदा पडली. बुधवारच्या मंडळीत माक्स ग्राफ हा संगीतसमीक्षक होता. त्याने वाग्नेरच्या ‘फ्लाइंग डचमन’वर लिहिलेला प्रबंध फ्रॉइडच्या ग्रंथमालेत १९११ मध्ये निघाला. घोड्याला भिणाऱ्या आपल्या पाच वर्षांच्या मुलाचे विश्लेषणही ग्राफने फ्रॉइडच्या देखरेखीखाली स्वतःच केले. १९०९ चा ‘छोटा हान्स’ तो हाच; मोठेपणी हेर्बर्ट ग्राफ ह्या नावाने तो संगीतनाटकांचा ख्यातनाम दिग्दर्शक झाला. वाद्यवृंदाचा संचालक ब्रूनो वाल्टर ह्याचा उजवा हात १९०६ च्या सुमारास निकामी झाला, तेव्हा त्याला वाटले होते की बालपणाची चौकशी सुरू होईल. फ्रॉइडने त्याला सिसिलीला जाऊन यावयास सांगितले, आणि परत आल्यावर हाताची चिंता न करता काम सुरू करण्याचा आग्रह धरला. १९१० च्या ऑगस्टमध्ये लायडन येथे गुस्टाव्ह माहलर फ्रॉइडबरोबर सुमारे चार तास फिरला. आईबापांच्या कडाक्याच्या भांडणातून बालपणी घराबाहेर पळाला असता रस्त्यावर एक बाजारी गाणे वाजत होते, आणि तेव्हापासून परम दुःख आणि उथळ सूर आपल्या मनात अविभाज्य झाले, असे त्या भेटीत माहलरला उमगले, अशी हकीकत नोंदली गेली आहे. ही हकीकत कळल्यावर माहलरच्या रचनांतील ती विसंगती ऐकणाऱ्याला एकदम वेगळी भासते. परंतु स्वरांची मांडणी तीच राहते, आणि ती चांगली का हे त्या आठवणीने सिद्ध होत नाही, हेही तितकेच खरे.

खुद्द फ्रॉइडचे संगीताशी नाते अवघड होते. त्याच्या बहिणीने नोंदविले आहे की, तिच्या पियानोने अभ्यासात व्यत्यय येतो अशी तक्रार किशोरवयीन फ्रॉइडने केली आणि घरातून पियानो गेला. १९१४ मध्ये मायकेलँजेलोच्या मोझेसवर लिहिताना त्याने कबूल केले की, एखादी गोष्ट आपल्याला का हलविते हे बुद्धीला कळेनासे झाले की आपल्याला तिचा आनंद घेता येत नाही, आणि म्हणून संगीतात आपल्याला जवळजवळ सुख नाही. हे मनोविश्लेषणाच्या मर्यादेचे प्रामाणिक निवेदन आहे. पियानोवादक नेमका ह्याच ठिकाणी उभा असतो; का हे सांगता येत नसताना कसे हे त्याला करून दाखवावे लागते.

हिंदुस्थानात ह्या शास्त्राचा प्रवेश गुरुपरंपरेवाचून झाला, ही एक लक्षणीय घटना आहे. कलकत्त्याचे डॉ. गिरींद्रशेखर बोस ह्यांनी फ्रॉइडच्या सहवासाचा किंवा विश्लेषणाचा लाभ न घेता, स्वतंत्र बुद्धीने दमनाच्या कल्पनेवर प्रबंध लिहिला. तो १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि १९२२ मध्ये त्यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. दोघांचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षे चालला, भेट कधीच झाली नाही. जतींद्रकुमार सेन ह्या चित्रकाराने न पाहिलेल्या फ्रॉइडचे केवळ कल्पनेने काढलेले चित्र बोसांनी त्याला पाठविले होते. प्रत्येक इच्छेबरोबर तिच्या विरुद्ध इच्छाही मनात वास करते, असा बोसांचा सिद्धांत होता. आणि आपल्या हिंदी रुग्णांत युरोपीय रुग्णांइतके खच्चीकरणाचे भय दिसत नाही, उलट स्त्री होण्याची इच्छा अधिक सहज उघड होते, असे त्यांनी फ्रॉइडला आदरपूर्वक परंतु न कचरता कळविले. फ्रॉइडला हे पटले नाही. तथापि बोसांनी पोथीपेक्षा समोरच्या मनुष्याची साक्ष प्रमाण मानली, आणि फ्रॉइडची मूळ पद्धत त्यांनी अशा रीतीने फ्रॉइडविरुद्धच राखली. मुंबईतही १९३८ मध्ये, वंशविद्वेषी कायद्यांमुळे इटली सोडावी लागलेला एमिलिओ सेर्व्हादिओ येऊन राहिला आणि युद्धकाळात त्याच्यामुळे तेथे ह्या शास्त्राचा काही प्रसार झाला.

ह्याच काळात आमच्या खानदेशात, प्रताप शेटजींच्या औदार्याने अमळनेर येथे १९१६ साली स्थापन झालेल्या तत्त्वज्ञान मंदिरात, दुसऱ्या वाटेने त्याच प्रदेशाचा शोध चालू होता. कृष्णचंद्र भट्टाचार्य ह्यांचा ज्ञात्याच्या स्वातंत्र्याविषयीचा इंग्रजी ग्रंथ १९३० मध्ये ह्या संस्थेने प्रसिद्ध केला; १९३३ मध्ये जी. आर. मलकानी, रासबिहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती ह्या तिघांनी मिळून ‘अज्ञान’ हा ग्रंथ सिद्ध केला. अद्वैताचे म्हणणे असे की, अज्ञान म्हणजे ज्ञानाचा नुसता अभाव नव्हे. ते भावरूप आहे, त्याला आच्छादण्याची आणि भलतेच भासविण्याची अशा दोन शक्ती आहेत. फ्रॉइडचे अबोध मनही केवळ विस्मरणाची रिकामी जागा नाही. ते दडपते आणि रूप पालटून भासवते. दोहोंची सरमिसळ करणे अर्थातच अनुचित ठरेल, कारण एकाला आत्मस्वरूप झाकणाऱ्या आवरणाची चिंता आहे आणि दुसऱ्याला वासनांच्या दमनाची. परंतु न जाणणे हीसुद्धा एक क्रिया आहे, ती शक्तीने चालते, आणि म्हणून ती उलटविण्यासही साधना लागते, हा बोध दोन्ही ठिकाणी समान आहे. आणि तो व्हिएन्नातून आयात करावा लागण्याइतका आपल्याला परका नव्हता.

मर्ढेकरांकडे वळले की दोन्ही सूत्रे एकाच लेखणीत आढळतात. १९४२ च्या ‘रात्रीचा दिवस’मध्ये त्यांनी संज्ञाप्रवाहाचे तंत्र मराठी कादंबरीत आणले, जागेपणाच्या व्यवस्थेखाली चालणारे तुटक, परस्परांत घुसणारे विचार त्यांनी व्यवस्था न लावता कागदावर उतरविले. सौंदर्यविचारात मात्र ते नेमके उलट टोकाला उभे आहेत: संवाद, विरोध आणि समतोल ह्या लयतत्त्वांनी इंद्रियसंवेदनांची जी रचना होते, तीच सौंदर्याचे अधिष्ठान, बाहेरून चिकटविलेला आशय नव्हे, असे त्यांनी मांडले आणि ‘सौंदर्य आणि साहित्य’ ह्या १९५५ च्या ग्रंथात ते संगतवार संगृहीत झाले. ह्याला कोणी विसंगती म्हणेल. मला ती जबाबदार कलावंताची सावधगिरी वाटते. मनाचा तळ उपसावा. परंतु त्या तळातून काय निघाले ह्यावरून कृतीची किंमत ठरवू नये, ती कृतीच्या घडणीवरून ठरवावी. रेडिओच्या नोकरीत असताना संगीतिका लिहिणाऱ्या ह्या कवीला स्वराची स्वायत्तता ठाऊक होती.

आपल्या रागसंगीतातही हा प्रश्न ह्याच तीव्रतेने विचारला गेला. पं. विष्णु नारायण भातखंडे ह्यांनी घराण्याघराण्यांतून शेकडो बंदिशी मिळवून ‘क्रमिक पुस्तकमालिके’त स्वरलिपीसह छापल्या, तेव्हा उस्तादांच्या मालकीची विद्या सर्वांच्या दप्तरात आली; हा उपकार फार मोठा आहे. परंतु छापील बंदिश हे बंदिशीचे संपूर्ण रूप नव्हे, हे ती गाऊन पाहणाऱ्या प्रत्येकाला कळते. आणि वामनराव देशपांडे ह्यांनी १९६१ च्या ‘घरंदाज गायकी’त दाखविल्याप्रमाणे स्वर आणि लय ह्यांचा तोल प्रत्येक घराणे वेगळा साधते, म्हणून एकच बंदिश दोन घराण्यांत दोन व्यक्तिमत्त्वे धारण करते. पियानोवादकापेक्षा आपल्या गवयाला मुभा अधिक, आणि म्हणून त्याची जबाबदारीही अधिक. रागाचे शील त्याला क्षणोक्षणी स्वतःच राखावे लागते.

ह्या सर्व आढाव्यातून कसोटी कोणती निघते? मूळ लेखाशी अक्षरशः जुळणे ही पुरेशी कसोटी नाही, हे बेटहोव्हेनच्या पेडलने दाखविले. परंपरेचा शिक्का पुरेसा नाही, हे परंपरेबाहेरच्या बोसांनी दाखविले. आणि ज्याचा अर्थ लावला त्याची संमती ही तर सर्वांत फसवी, कारण नम्र रुग्ण काहीही मान्य करतो आणि मृत रचनाकार काहीही नाकारू शकत नाही. ह्या प्रश्नाचे उत्तर फ्रॉइडनेच १९३७ मधील एका उत्तरकालीन निबंधात दिले: रुग्णाच्या होकारावर किंवा नकारावर विसंबू नये, आपण मांडलेल्या अर्थानंतर नव्या आठवणी, नवी स्वप्ने, पूर्वी न बोललेले काही बाहेर येते की नाही, हे पाहावे. विहीर खणणाऱ्याला जागा बरोबर निवडली की नाही हे ज्योतिषी सांगत नाही, झिरा सांगतो, तसेच हे आहे.

हीच कसोटी पियानोला लावून पाहावी. शूबर्टच्या शेवटच्या, १८२८ सालच्या सोनाटाच्या पहिल्या भागात पूर्वार्धाच्या पुनरावृत्तीकडे नेणारे नऊ मात्रागण आहेत, आणि पुनरावृत्ती गाळली तर ते कधीच ऐकू येत नाहीत. आल्फ्रेड ब्रेंडेलने ते विचारपूर्वक गाळले. स्व्यातोस्लाव्ह रिख्टरने ते वाजविले आणि तो एक भागच सुमारे चोवीस मिनिटांचा केला. रिख्टरच्या वादनात खर्जातल्या गडगडाटी कंपनाचा तो अचानक स्फोट ऐकला की, आरंभी अगदी हलक्या आवाजात खाली उमटणाऱ्या त्याच कंपनाचे प्रयोजन उलगडते, आणि पुढचा सबंध भाग निराळ्या भयाने भरून जातो. म्हणून ह्या एका जागेपुरता मी रिख्टरचा अन्वय अधिक खरा मानतो. तो आज्ञाधारक आहे ह्यासाठी नव्हे, तर त्याने कृती अधिक बोलती होते ह्यासाठी. ग्लेन गूल्डने बाखची ‘गोल्डबर्ग’ १९५५ मध्ये सुमारे ३८ मिनिटांत आणि १९८१ मध्ये सुमारे ५१ मिनिटांत मुद्रित केली. दोहोंपैकी एक खोटी असण्याचे कारण नाही, कारण दोहोंनी वेगवेगळे दार उघडले.

अर्थ लावणाऱ्याचा अखत्यार त्यामुळे मिरासी हक्काने मिळत नाही, तो प्रत्येक वेळी नव्याने कमवावा लागतो. आपल्या बोलण्यानंतर समोरची कृती किंवा समोरचा मनुष्य अधिक मोकळेपणी बोलू लागला, तर तो अखत्यार सार्थ झाला. गप्प झाला, तर आपण कितीही विद्वान असलो तरी अतिक्रमण केले असे समजावे. मराठी रसिकाने, विशेषतः मोठ्या सभागृहांपासून आणि ग्रंथालयांपासून दूर असलेल्या आमच्यासारख्या गावांतील रसिकाने, ह्यातून न्यूनगंड बाळगण्याचे काहीच कारण नाही. एकच सोनाटा तीन वादकांच्या मुद्रिकांवर लागोपाठ ऐकावा, फ्रॉइडचा एक वृत्तान्त बोसांच्या आक्षेपांबरोबर आणि अमळनेरच्या ‘अज्ञान’ ह्या ग्रंथाबरोबर वाचावा, आणि मग आपल्या शाळांत, समीक्षेत आणि घरांत आपण ज्या घाईने दुसऱ्याच्या बोलण्याचा अर्थ लावून मोकळे होतो, ती घाई सोडून द्यावी. अन्वयाचे शिक्षण म्हणजे ऐकण्याचे शिक्षण. आणि ते ज्या समाजात नीट दिले जाते, त्या समाजात संगीतही अधिक चांगले वाजते, आणि दुःखी माणसालाही आपले म्हणणे शेवटपर्यंत सांगता येते.